दंड गाडीला, भुर्दंड घराला

(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाच्या गप्पा’ या कार्यक्रमातील भाषण)

 कुणाच्या धारा काढून झाल्या असतील, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हात चालू राहू देत, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय आहे रस्त्यावरचे कॅमेरे आणि त्यांच्यामुळे येणारी ई-चलनं. तुम्ही म्हणाल, हा तर गाडीवाल्यांचा विषय, बायकांच्या कार्यक्रमात कशाला? आम्हालाही आधी असंच वाटायचं. पण जरा आठवून बघा. घरातल्या पिकअपचं, छोट्या हत्तीचं, नाहीतर स्कूटीचं आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? गटाच्या कर्जातून गाडी घेतली असेल तर ती बहुतेक आपल्याच नावावर असते. स्टेअरिंग नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात, आणि नाव आपलं. कॅमेरा चालवणाऱ्याचं तोंड ओळखत नाही. तो नंबरप्लेट वाचतो. नंबर ज्याच्या नावावर, चलन त्याच्या नावावर.

हे आम्हाला कळलं ते आमच्याच एका ताईमुळे. गटात आल्यापासून तिचा एकही हप्ता चुकला नव्हता. गेल्या पावसाळ्यात मात्र लागोपाठ दोन हप्ते थकले. आम्ही घरी गेलो. ती म्हणाली, “पिकअप विकायची म्हणतोय. धाकटीची नर्सिंगची फी भरायची आहे. पण गिऱ्हाईक मागं फिरलं.” का मागं फिरलं? गिऱ्हाइकानं मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून बघितला होता. गाडीवर चौदा चलनं. एकूण साडेअकरा हजार रुपये.

ताईला यातलं एकही ठाऊक नव्हतं. गाडी घेताना कागदावर एजंटानं स्वतःचाच मोबाइल नंबर घातलेला. मेसेज त्याला जात होते. मुलाला थोडी कल्पना होती, पण तो म्हणायचा, “सगळ्यांनाच येत्यात. कोण भरतंय? पुढं माफ हुतंय.” माफ काही झालं नाही. चलनं साठत गेली, आणि नड आली त्याच दिवशी ती आडवी आली.

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आणखी सहा जणी म्हणाल्या, “आमच्याही गाडीवर काय असंल, देव जाणे.” मग आम्ही ठरवलं, आधी गाडी चालवणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं. त्यांना नुसतं धारेवर धरून उपयोग नाही. मारुतीच्या देवळाजवळ पारावर एका संध्याकाळी बसलो. पिकअपवाले होते, दूधगाडीवाला होता, शाळेची व्हॅन चालवणारा होता, दोन ट्रकचालक होते आणि एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते.

वाशीच्या मार्केटला भाजी नेणारा म्हणाला, “आवं ताई, मार्केट आमच्यासाठी थांबत न्हाई. अर्धा तास उशीर झाला की कोथिंबिरीचा भाव पडतोय. मग तुम्हीच म्हणता, एवढं कमी पैसं कसं काय आलं?”

दूधगाडीवाला म्हणाला, “पोलीस समोर उभा असला तर दोन शब्द बोलता येत्यात. आजारी माणूस आहे म्हणून सांगता येतंय. कॅमेऱ्याला काय सांगायचं?”

ट्रकवाल्यानं घाटाची अडचण सांगितली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४च्या जुलैपासून कॅमेऱ्यांनी चलनं लागायला सुरुवात झाली. चढावर पुढची गाडी रांगत असते, तिला ओलांडायला जरा लेन बदलली की दंड. सपाटीवरची वेगाची मर्यादा वेगळी, घाटातली वेगळी, हे ध्यानात येईपर्यंत फोटो निघालेला असतो, असं त्याचं म्हणणं.

दुसरा म्हणाला, “कॅमेऱ्याचं एक वेळ समजतो. पण कुणीतरी बाजूला उभं राहून मोबाइलवर फोटो काढतंय आणि चार दिवसांनी मेसेज येतोय. आपण कुठं होतो, काय चुकलं, आठवत पण न्हाई.” ही तक्रार काही त्याची एकट्याची नाही. २०२५च्या जुलैत राज्यातल्या माल वाहतूकदारांनी ई-चलनांवरून संप केला, त्यातही हा मुद्दा होता.

आणखी एकानं विचारलं, “दंड वेळेवर पाहिजे, मग खड्डं वेळेवर का बुजवत न्हाईत?” या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

एसटीतले काका मात्र गालात हसत होते. म्हणाले, “खरं सांगू का? पूर्वी पन्नासची नोट दिली की सुटका व्हायची. हा कॅमेरा पन्नास घेत न्हाई, राग त्याचा आहे.” सगळा पार हसला.

मग हसण्याच्या भरात युक्त्या बाहेर पडल्या. मोबाइलवरचा नकाशा कॅमेऱ्याच्या आधी सूचना देतो, तेवढ्यापुरता ब्रेक दाबायचा आणि पुढे गेलं की तेवढा वेळ भरून काढायचा. नंबरप्लेटला चिखल लावायचा. प्लेट थोडी वाकवायची, नाहीतर मागे बसलेलीची ओढणी बरोबर तिच्यावर सोडायची. हेल्मेट कोपरात अडकवायचं आणि चौक आला की डोक्यात घालायचं. तिघं असतील तर एकानं चौकाआधी उतरून चालत पुढं यायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचं, ‘पुलाखाली गाडी उभी आहे.’ समोरून येणाऱ्यानं दिवे मारले की समजून घ्यायचं.

आम्ही बायकाही हसत होतो. आणि हसता हसता आम्हाला आमचीच गोष्ट आठवली.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. तालुक्याला फराळाचं प्रदर्शन होतं. चकल्या, शेव, अनारसे यांचे डबे पिकअपमध्ये भरले आणि आम्ही अकरा जणी डब्यांबरोबर मागच्या हौद्यात बसलो. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, हे आम्हाला ठाऊक होतं. हायवे जवळ आला आणि ड्रायव्हरला फोन आला, पुलाखाली वेग मोजणारी पोलिसांची गाडी उभी आहे. त्यानं काचेतून मागे बघून विचारलं, “कॅनॉलच्या रस्त्यानं घिऊ का?” आणि आम्हीच म्हणालो, “घे बाबा. कशाला उगं दंड?”

कॅनॉलचा रस्ता कच्चा. आदल्या रात्री पाऊस झालेला. समोरून उसाची ट्रॉली आली, आमच्या ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि चाक भरावावरून घसरलं. गाडी कलंडली ती उसाच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला पाणी होतं. ती बाजू असती तर आज हे भाषण करायला आम्ही इथे नसतो.

आमच्या एका काकींचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. ज्यांच्या हातच्या शेवया आपल्या गटाच्या नावानं पुण्यापर्यंत जातात, त्याच काकी. अजून त्यांची मूठ पुरती वळत नाही. आम्ही पोलिसांत गेलो नाही, कारण चूक आमचीच होती. विम्याचं विचारलं तर कळलं, मालवाहू गाडीत अशी फुकट बसलेली माणसं सहसा विम्यात धरली जात नाहीत. दवाखान्याचा खर्च गटाच्या शिलकीतून आणि आपसातल्या वर्गणीतून भागवला. आणि दंड? तो आम्ही वाचवला होता.

पारावर ही गोष्ट निघाली तेव्हा कुणी काही बोललं नाही. ज्यानं युक्त्या सांगितल्या होत्या तोही खाली बघत बसला.

मैत्रिणींनो, कॅमेरा चुकवायचा म्हणजे काय करायचं, याचा आम्ही तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला. चांगला रस्ता सोडून आडरस्त्यानं जायचं. एकदम ब्रेक दाबायचा, म्हणजे मागचा येऊन धडकायचा. चौक संपला की हेल्मेट काढायचं, आणि आपली बहुतेक गावं तर चौकाच्या पुढेच आहेत. आपल्या गावच्या रस्त्यावर कॅमेरा नाही, म्हणून तिथे धोका नाही असं थोडंच आहे? उलट तिथे दिवे नाहीत, मध्ये बैलगाडी आहे, वळणावर ऊस वाढलेला आहे.

थोडे आकडे सांगतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. दर दहा मृत्यूंपैकी सात जास्त वेगाच्या अपघातांत झाले होते. हेल्मेट न घातलेली ५० हजारांहून जास्त माणसं त्या वर्षी गेली. त्यात १४ हजारांवर गाडीच्या मागे बसलेली होती. मागे कोण बसतं? आपणच बसतो. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन, पदर सावरत. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट पाहिजे, असं कायदा सांगतो. घरात मात्र हेल्मेट एकच असतं, आणि तेही आरशाला अडकवलेलं.

वेगाचा हिशेबही आम्ही पारावरच मांडला. द्रुतगती मार्ग साधारण ९४ किलोमीटरचा. तो ८०च्या वेगानं कापला तर एक तास दहा मिनिटं लागतात. १००नं गेलं तर छप्पन्न मिनिटं. वाचली किती? चौदा मिनिटं. वेगाच्या एका चलनाला पिकअपला दोन हजार रुपये पडतात. चौदा मिनिटांसाठी दोन हजार. त्यात आणखी एक गोष्ट धरा. ८०च्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. ड्रायव्हरनं डोळे चोळले तेवढ्यात बावीस मीटर.

भाजीवाला पोरगा म्हणाला, “मग चौदा मिनिटं आधी निघायचं?” आम्ही म्हणालो, “अरे, आम्ही जुड्या आधी बांधून देतो.” हे मात्र आपल्याला मान्य केलं पाहिजे. माल भरायला उशीर आपण करतो आणि वर ‘बेगीनं जा’ म्हणून सांगतोही आपणच. आता आमच्याकडे दोन गटांनी जुड्या बांधायची वेळ तासभर अलीकडे घेतली आहे.

आता दुसरी बाजू. चलन आलं म्हणजे ते बरोबरच असतं, असंही नाही. ड्रायव्हरच्या तक्रारींत तथ्य आहे, आणि त्यासाठी कायद्यात सोय आहे. कॅमेऱ्यांविषयी केंद्र सरकारनं २०२१च्या ऑगस्टमध्ये नियम केले. त्याप्रमाणे पुढे कॅमेरा आहे, अशी पाटी रस्त्यावर ठळक दिसली पाहिजे. यंत्र तपासून मंजूर झालेलं पाहिजे. आणि गुन्हा घडल्यापासून ठरलेल्या मुदतीत मालकाला नोटीस गेली पाहिजे. चलनात फोटो, जागा, तारीख, वेळ हे सगळं असायला हवं. फोटोतली गाडी आपलीच आहे का, हे बघायचा आपल्याला हक्क आहे. आमच्या एका काकांची मोटारसायकल दारात उभी होती आणि चलन आलं पुण्याचं. फोटो उघडला तर गाडीचा रंग वेगळा, नंबर मात्र तोच. कुणीतरी त्यांचा नंबर आपल्या गाडीला लावून फिरत होतं. म्हणजे बघा, कॅमेरा चुकवायची एकाची युक्ती दुसऱ्या गरिबाच्या दारात येऊन पडते.

म्हणून आता करायचं काय, ते सांगतो. मुलीला वही-पेन घेऊन बसवलं तरी चालेल.

पहिलं. गाडी कुणाच्या नावावर आहे आणि आरसीला कुणाचा मोबाइल नंबर जोडला आहे, ते आजच बघा. नंबर एजंटाचा किंवा बंद पडलेला असेल तर तो बदलून घ्या. सेवा केंद्रात किंवा आरटीओत हे काम होतं.

दुसरं. महिन्यातून एकदा गाडीवरची चलनं तपासा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ॲप आहे, संकेतस्थळ आहे. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की यादी दिसते. आम्ही हे गटाच्या बैठकीतच करतो. पंचसूत्रीत बचत आहे, परतफेड आहे. आम्ही गाडीवाल्या घरांसाठी आणखी एक ओळ वाढवली, महिन्याच्या पहिल्या बैठकीत चलन बघायचं.

तिसरं. चलन चुकीचं वाटलं तर गप्प बसू नका. ॲपवर आणि संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. गाडीचा फोटो, त्या दिवशी गाडी कुठे होती त्याचा पुरावा जोडा. तरी ऐकलं नाही तर न्यायालय आहे. आणि बायांनो, हे पक्कं ध्यानात ठेवा. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा.

चौथं. जुनी थकलेली चलनं लोकअदालतीत मिटवता येतात. लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरून कागद तांदळाच्या डब्यात लपवू नका. आमची ताई तिथेच गेली. तीन चलनं चुकीची निघाली, बाकीची तिनं भरली. मगच गाडीचा व्यवहार झाला. धाकटीची फी वेळेवर गेली नाही, त्या मुलीचं प्रवेशाचं वर्ष लांबलं. यंदा ती गेली आहे. पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

पाचवं. खोट्या चलनाला भुलू नका. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ‘तुमच्या गाडीचं आरटीओ चलन’, आणि खाली एपीके नावाची फाईल असते. ती उघडली की मोबाइल चोराच्या हातात जातो आणि बँकेतलं निघून जातं. सरकार अशी फाईल पाठवत नाही. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, ते बघूनच पैसे भरा. चुकून फाईल उघडली गेली तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा.

सहावं, आणि हे आयांसाठी. अठरा वर्षं पूर्ण नसलेल्या मुलाच्या हातात किल्ली देऊ नका. ‘जा रे, गिरणीतनं दळण घिऊन ये’ म्हणत आपणच देतो. त्यानं अपघात केला किंवा तो सापडला, तर कायद्यानं पालक आणि गाडीचा मालक दोषी धरले जातात. २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. आता सांगा, दळण केवढ्याला पडलं?

आमच्या ग्रामसंघानं गाडीच्या कर्जासाठी एक अटही घातली आहे. गटाच्या पैशातून गाडी घ्यायची तर आरसीला बाईचाच मोबाइल नंबर लागेल, विमा कधी संपतो ती तारीख गटाच्या वहीत लिहिली जाईल, आणि गाडी चालवणारा एकदा बैठकीत येऊन बसेल. काही घरांतून कुरकुर झाली. “आता बायका आम्हाला शिकवणार?” असंही ऐकलं. आम्ही म्हटलं, शिकवत नाही बाबा, कर्ज आमच्या नावावर आहे आणि चलनही आमच्या नावावर येतं, तर थोडं विचारू तरी द्या.

सगळं सुधारलं, असं आम्ही सांगणार नाही. व्हॉट्सॲपवर अजूनही ‘पुलाखाली गाडी उभी आहे’ असे मेसेज येतात. हेल्मेटं अजून आरशाला लटकतात. खड्डे तर आहेतच, त्यांच्यासाठी ग्रामसभेत आम्ही अर्ज दिला आहे आणि देत राहणार आहोत. दंड घेणाऱ्यानं रस्ताही नीट द्यावा, हे ड्रायव्हर मंडळींचं म्हणणं आमचंही आहे. पण प्रदर्शनाला आता आम्ही एसटीनं जातो आणि डबे पिकअपनं जातात. तिकिटाचे थोडे पैसे जास्त पडतात, ते फराळाच्या हिशेबात धरतो.

परवा शेवया करायला बसलो होतो. काकी आता वळत नाहीत, बाजूला बसून मुलींना सांगतात. या भाषणाचं ठरत होतं, म्हणून आम्ही त्यांना विचारलं, “काकी, तुम्हाला काय वाटतं त्या कॅमेऱ्यांचं?” काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “त्या दिवशी पुलाखालच्या गाडीनं आपल्याला बघितलं असतं तर बरं झालं असतं गं. दंड झाला असता. हात ऱ्हायला असता.”

मैत्रिणींनो, घरातली गाडी आज परत आली की आधी तिच्या नंबरप्लेटवरचा चिखल पुसा. आणि मग चालवणाऱ्याला गरम भाकरी वाढताना विचारा, “मोबाइलवर आपल्या गाडीचं काय दिसतंय, बघू या का?”